विनोदी जोडीची वंशावळ

नागपूरच्या नैर्ऋत्येला, खामला आणि जयताळा या जुन्या मौजांच्या शिवारात, स्वातंत्र्योत्तर काळात एकामागून एक ले-आउट पडत गेले आणि त्यांतून प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, गोपालनगर, स्वावलंबीनगर अशी वसाहतींची जी रांग उभी राहिली, तिच्यात भूखंड घेऊन घर बांधणारा माणूस बहुतांशी हजेरीपटावरचा माणूस होता. महालेखापालांची कचेरी, रेल्वे, टपाल, विमा मंडळ, बँका आणि शाळा यांतून महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून प्रथम दोन खोल्या आणि कालांतराने वरचा मजला चढविणारा, आणि अखेर निवृत्तिवेतनावर सकाळचे वर्तमानपत्र सावकाश वाचीत बसणारा. या वर्गाची करमणूक त्याच्या वस्तीत नव्हती. तिच्यासाठी सायकल काढून सीताबर्डी, सदर किंवा महाल गाठावे लागे. वस्तीत चित्रपट आलाच तर तो गणेशोत्सवात येई. दोन खांबांमध्ये पांढरा पडदा ताणलेला, सोळा मिलिमीटरचे यंत्र खडखडत असलेले, आणि जागा अपुरी पडल्यामुळे निम्मे प्रेक्षक पडद्याच्या मागच्या बाजूस बसलेले. मागे बसणाऱ्यास अक्षरे उलटी दिसत आणि नायक डावखुरा भासे. पण त्या रात्री जाड्या-रड्याचा चित्रपट असला, तर पुढच्या आणि मागच्या प्रेक्षकांत काही भेद उरत नसे. दोघांपैकी एक पाण्यात पडला की तो दोन्हीकडून सारखाच पडतो.

जाड्या आणि रड्या म्हणजे हॉलिवुडचे ऑलिव्हर हार्डी आणि स्टॅन लॉरेल. आपल्याकडील विनोदी जोड्यांची चर्चा निघाली की त्यांचे मूळ या दोघांत शोधण्याची प्रथा पडली आहे, आणि १९४० च्या सुमारास मराठी पडद्यावर अवतरलेली दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी तर अनेकांना सरळसरळ त्या अमेरिकन मालाची देशी आवृत्ती वाटते. या समजुतीत तथ्यांश आहे. परंतु वंशावळ लिहावयाची तर तिची मुख्य शाखा कॅलिफोर्नियापर्यंत नेण्याची गरज नाही. ती वऱ्हाडातून आणि नागपुराच्या पंचक्रोशीतून निघते, आणि तिच्या दप्तरातील पुष्कळशी पाने आपल्या दाराशीच पडलेली आहेत, असे मला वाटते. परकीय शाखेचे ऋण मात्र प्रथम मान्य केले पाहिजे.

लॉरेलचा जन्म १८९० साली इंग्लंडच्या उत्तरेकडील अल्व्हरस्टन या लहानशा गावी झाला. त्याचे खरे नाव आर्थर स्टॅन्ली जेफर्सन. फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीतून चार्ली चॅप्लिनबरोबर तो १९१० साली अमेरिकेस गेला. हार्डी जॉर्जिया संस्थानातील हार्लेम गावचा, जन्म १८ जानेवारी १८९२ चा. दोघांनीही स्वतंत्रपणे बरीच वर्षे पडद्यावर उमेदवारी केली, आणि १९२७ मध्ये हॅल रोच याच्या स्टुडिओत लिओ मॅककेरी या दिग्दर्शकाच्या नजरेने त्यांना एकत्र आणले. त्यानंतर १९५१ पर्यंत लहानमोठ्या मिळून शंभराहून अधिक चित्रपटांत ते जोडीने वावरले. मूकपटाचा बोलपट होताना चांगलेचांगले नट कोलमडले, तेथे या जोडीने स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन अशा भाषांत आपलेच चित्रपट पुन्हा काढले. त्या भाषा दोघांसही येत नव्हत्या, म्हणून संवादांचे उच्चार फळ्यावर लिहून तो फळा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर धरण्यात येई आणि हे दोघे तो वाचीत. असल्या मोडक्या उच्चारांनी प्रेक्षक दुरावला नाही, उलट अधिकच खुलला.

त्यांच्या विनोदाचे मर्म वेगात नाही, विलंबात आहे. १९२९ च्या ‘बिग बिझनेस’ या मूकपटात ते दोघे मोटारीतून नाताळचे वृक्ष घरोघर विकीत हिंडतात. जेम्स फिन्लेसन या नटाने रंगविलेला एक गृहस्थ वृक्ष नाकारतो, दार लावतो, फांदी दारात अडकते, पुन्हा घंटा वाजते, आणि शेवटी तो संतापून कात्रीने वृक्ष कापतो. येथून एकाने एक वस्तू मोडावी, दुसऱ्याने ती शांतपणे पाहावी, आणि मग आपली पाळी आली असे समजून प्रतिपक्षाची दुसरी वस्तू मोडावी, असा एक विधिवत् व्यवहार सुरू होतो; अखेरीस एकाच्या मोटारीचा आणि दुसऱ्याच्या घराचा चक्काचूर होतो. हा सर्व काळ एक पोलीस शिपाई जवळच बसून वहीत टिपणे घेत असतो. आपल्या मुलखात ज्याने पंचनामा होताना पाहिला आहे, त्याला त्या शिपायाची ओळख पटवून द्यावी लागत नाही. १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये वस्तू एकच आहे, एक पियानो, तो शंभराहून अधिक पायऱ्या चढवून टेकडीवरील घरी पोहोचवायचा आहे. पियानो चढतो, निसटतो, खाली येतो, पुन्हा चढतो. वर पोहोचल्यावर त्यांस एक टपालवाला सांगतो की पलीकडून घरापर्यंत गाडीरस्ता आहे, तेव्हा हे दोघे तो पियानो प्रामाणिकपणे पायऱ्यांवरून खाली नेतात आणि गाडीतून पुन्हा वर आणतात. या चित्रपटास विनोदी लघुपटाचे पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले.

हे लघुपट दोन किंवा तीन रिळांचे असत. हजार फुटांचे एक रीळ बोलपटाच्या गतीने सुमारे अकरा मिनिटे चाले. मुख्य चित्रपटाच्या आधी असे वीस मिनिटांचे ‘शॉर्ट’ दाखविण्याचा प्रघात होता, आणि १९२७ पासून १९३८ पर्यंत रोचचे चित्रपट मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीमार्फत जगभर जात असल्यामुळे मुंबईच्या गोदीत उतरणाऱ्या इंग्रजी चित्रपटांबरोबर ही रिळेही येत. मुंबईहून अंतर्भागात चित्रपट पाठविण्याची जी व्यवस्था होती, तिचाही एक इतिहास आहे. चित्रपटाच्या धंद्याने हिंदुस्थानचे जे मुलूख पाडले, त्यांत ‘सी. पी. बेरार’ नावाचा एक मुलूख होता आणि त्याचे वितरक प्रामुख्याने अमरावती आणि भुसावळ येथे पेढ्या थाटून बसले होते. अमरावती ही वऱ्हाडातील कापसाच्या पैशाची पेठ, आणि भुसावळ हे मुंबईहून नागपूरकडे व इटारसीकडे फुटणाऱ्या लोहमार्गांचे जंक्शन. पत्र्याच्या पेट्या कोठे उतरवाव्यात आणि पुढे कोणत्या गाडीत चढवाव्यात, याचा हिशेब करणाऱ्यास याहून सोयीची ठाणी मिळाली नसती. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सरकारी प्रांत १९५० मध्ये नावाने आणि १९५६ मध्ये रूपानेही संपला. विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पण चित्रपटाच्या करारनाम्यांत ‘सी. पी. बेरार’ हा मुलूख पुढेही कायम राहिला. राज्यपुनर्रचना आयोगाला जे खालसा करता आले नाही, ते संस्थान वितरकांनी चालविले.

अमेरिकन जोडीची खरोखर नक्कल करणारी एक हिंदुस्थानी जोडी होऊन गेली, आणि तिच्यातील अर्धा भाग मराठी होता. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे मनोहर जनार्दन दीक्षित आणि मुंबईचे नझीर महंमद घोरी यांना चंदुलाल शहा यांच्या रणजित कंपनीने एकत्र आणले. १९३२ च्या ‘चार चक्रम’ पासून ‘भूलभुलैयाँ’, ‘तूफान मेल’ अशा हिंदी बोलपटांत ही जाडी-बारीक दुक्कल धुमाकूळ घालीत राहिली. तिला ‘भारतीय लॉरेल-हार्डी’ अशी उपाधी मिळाली आणि ती त्यांनी मिरविलीही. परंतु या चित्रपटांत ते दोघे बहुधा नायकाचे चाकर, सोबती किंवा साथीचे भामटे असत. कथा दुसऱ्याची, आणि यांनी मधूनमधून येऊन हशा पिकवावयाचा. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले, दीक्षित १९४९ साली निवर्तले, आणि ती जोडी त्यानंतर लोकांच्या बोलण्यातूनही हळूहळू गेली. ज्या विनोदाला घरदार नव्हते, त्याला वारसही मिळाला नाही.

विनोदासाठी दोन माणसे लागतात, हा शोध अर्थातच चित्रपटाचा नव्हे. भरतमुनींनी हास्य आत्मस्थ आणि परस्थ असे द्विविध सांगितले आणि त्याच्या सहा पायऱ्या लावल्या: उत्तम प्रकृतीस स्मित आणि हसित, मध्यम प्रकृतीस विहसित आणि उपहसित, अधम प्रकृतीस अपहसित आणि अतिहसित. प्रतापनगरच्या मांडवात बसलेले निवृत्त लेखापाल जाड्याच्या डोक्यावर धुराड्याची वीट पडताच क्षणार्धात पहिल्या पायरीवरून सहाव्या पायरीवर येत, त्याला शास्त्राचा इलाज नव्हता. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची राजकन्या आहे आणि तिच्यासाठी झुरणाऱ्या राजाच्या जोडीला गौतम नावाचा विदूषक आहे, राजाने उसासे टाकावेत आणि विदूषकाने कारस्थान रचावे, अशी त्यांची वाटणी. पूर्व विदर्भातील खडी गंमत या लोकनाट्यात हाच व्यवहार अगदी वेगळ्या थरावर चालतो. नागपूर, भंडारा भागांत शाहीर, ढोलकी आणि डफ, स्त्रीवेष घेतलेला नाच्या, आणि सगळे उभ्याउभ्याच. शाहिराने काही गंभीर सांगावयास घ्यावे आणि सोंगाड्याने त्याचे शब्द पकडून भलतीकडे न्यावे. एक प्रतिष्ठित आणि एक अप्रतिष्ठित, एक बोलणारा आणि एक बोलणे बिघडविणारा, ही जोडी आपल्याकडे अशी राजवाड्यातही होती आणि गावच्या चौकातही होती. सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या माजघरात मात्र ती नव्हती, आणि तेथे तिला आणण्याचे काम ज्यांनी केले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपुरात झाला आणि वकिली त्यांनी वऱ्हाडात, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे केली. ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आला, कोर्टाच्या आवारात ज्याचे आयुष्य जात होते त्याला साक्षीदाराइतका हक्काचा विषय दुसरा कोणता मिळणार? पुढे १९१० मध्ये ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ आणि १९२३ मध्ये ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी’ या ग्रंथांतून सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट महाराष्ट्रास परिचित झाले. हे तिघे मूर्ख नाहीत. ते तर्कशुद्ध आहेत, आणि तोच त्यांचा दोष आहे. एखादी रूढी अथवा अंधश्रद्धा गृहीत धरून ते इतक्या काटेकोरपणे पुढे जातात की शेवटी ती रूढीच हास्यास्पद ठरते. पायऱ्यांवरून चढविलेला पियानो गाडीरस्ता कळल्यावर पुन्हा खाली नेणाऱ्यांची जी बुद्धी, तीच ही बुद्धी. फरक एवढाच की कोल्हटकरांच्या मंडळींच्या खांद्यावर पियानोऐवजी सोवळेओवळे, शकुन-अपशकुन आणि मानपान यांचे ओझे आहे. एका खेपेस दोघांचे, तिघांचे असे हे सामूहिक अडाणीपण मराठीत प्रथम येथे साकार झाले, आणि त्या वेळी हार्डी जॉर्जियात गावोगाव गाणी म्हणत हिंडण्याच्या वयाचा होता.

कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने हीच मंडळी पुढे चालविली, आणि ठकीचे लग्न जुळविण्याच्या खटपटीचे रूपांतर त्यांनी चक्क एका लष्करी मोहिमेत केले. वर शोधणे, त्याच्या बापाचा अंदाज घेणे, हुंड्याच्या तटबंदीस खिंडार पाडणे, मुलीच्या रूपाचे गुणवर्णन शत्रूच्या गोटात पोहोचविणे, अशी ती मोहीम आहे; आणि मोहिमेतील प्रत्येक वीर आपापल्या परीने घात करण्यास समर्थ आहे. गडकरी आयुष्याच्या अखेरीस नागपूरच्या उत्तरेकडील सावनेर येथे बंधूंकडे आले आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. म्हणजे मराठी विनोदाचा पहिला आचार्य जन्मला नागपुरात, कर्ता झाला वऱ्हाडात, आणि त्याच्या सर्वश्रेष्ठ शिष्याने देह ठेवला तो नागपूर जिल्ह्यात. वंशावळीची ही दोन पाने पुण्या-मुंबईच्या लेखकांनी वाचली आहेत, पण ती कोठली याची नोंद ठेवण्याची तसदी फारशी घेतलेली नाही.

तिसरे पान चिंतामण विनायक जोशी यांचे. त्यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ चा, म्हणजे हार्डीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीचा. पाली भाषेचे ते व्यासंगी. १९१६ मध्ये त्यांनी त्या भाषेचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत लिहिले, बडोद्यास अध्यापन केले, आणि पुढे ते बडोदे संस्थानचे राजदप्तरदार झाले. दिवसा जातककथा आणि सरकारी दप्तर यांत वावरणाऱ्या या सौम्य गृहस्थाने १९३३ साली ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ प्रसिद्ध केले आणि चिमणराव नावाचा एक कारकून मराठी घरांत कायमचा राहावयास आला. चिमणराव शिकलेला, शरीराने किरकोळ, वृत्तीने भित्रा, साहेबाला वचकणारा आणि तरीही स्वतःच्या अकलेवर विश्वास ठेवणारा. त्याच्या घरी काऊ, मोरू, मैना असा पसारा. आणि या पसाऱ्याच्या मदतीस वेळीअवेळी धावणारा, हाती सोटा बाळगणारा, धिप्पाड, तापट आणि दिलदार असा गुंड्याभाऊ हा नात्यातला भाऊ. कोल्हटकर-गडकऱ्यांचा विनोद वाग्वैचित्र्यावर, कोटीवर आणि कल्पनेच्या फुलबाजीवर उभा होता. जोश्यांनी ती फुलबाजी विझविली आणि दोन माणसांचे स्वभाव एकमेकांसमोर ठेवले. असे करताच त्रिकूटाची दुक्कल झाली आणि ती पडद्यावर दिसण्याजोगी झाली, कारण कोटी पडद्यावर दिसत नाही, स्वभाव दिसतो.

पडद्यापर्यंत ती नेली मास्टर विनायकांनी. कोल्हापुरात १९३६ साली बाबुराव पेंढारकर, विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स ही संस्था काढली. आचार्य अत्र्यांच्या कथांवर तिने १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ आणि १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’ हे चित्रपट मराठीत आणि हिंदीत काढले. दोन्ही भाषांत चित्रपट निघणे ही गोष्ट कोल्हापूरकरांना व्यापाराची सोय वाटली असेल, परंतु नागपुरात तिचा अर्थ निराळा होता. मध्य प्रांताच्या या राजधानीत सचिवालयातील एकाच मेजाच्या एका बाजूस मराठी आणि दुसऱ्या बाजूस हिंदी कारकून बसत असे. ‘ब्रँडीची बाटली’चा नायक बगाराम हाही नगरपालिकेतील एक बुजरा कारकून आहे. ज्या मुलीवर त्याचे मन बसले आहे तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी आणावयाची आहे, आणि ब्रँडी म्हणजे काय व ती कोठे मिळते याचा बगारामास पत्ता नाही. या एका अज्ञानाच्या बळावर तो गावभर हिंडतो. मुंबई इलाख्यात दारूबंदीचा गाजावाजा चालू असताना हा चित्रपट आला, आणि बगाराम रंगविला होता दामुअण्णा मालवणकरांनी.

दामुअण्णा जुन्या संगीत रंगभूमीवर तयार झालेले नट होते आणि त्यांचा एक डोळा तिरळा होता. दुसऱ्या कोणाचा धंदा त्यामुळे बुडाला असता. दामुअण्णांनी त्याचे भांडवल केले. समोरच्या पात्राशी बोलताना ते कोणाकडे पाहत आहेत याचा निर्णय होत नसे, त्यामुळे साहेबाची बोलणी ऐकताना ते साहेबाकडेही पाहत असत आणि पळवाटेकडेही. हार्डी एखादी आपत्ती कोसळली की कॅमेऱ्यात सरळ पाहून प्रेक्षकास साक्षीला बोलावीत असे. दामुअण्णांना तसे वळून पाहण्याचे कारणच पडत नसे, त्यांचा एक डोळा आधीपासून प्रेक्षकांकडे असे. विनायकांनी हंस सोडून नवयुग चित्रपट संस्थेसाठी १९४० साली ‘लग्न पहावं करून’ काढला, तेव्हा चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावासाठी त्यांनी दामुअण्णांची आणि गुंड्याभाऊसाठी विष्णुपंत जोगांची योजना केली. १९४२ मध्ये त्याच जोडीचा ‘सरकारी पाहुणे’ आला. पहिल्या चित्रपटाचे नाव घर बांधणे आणि लग्न करणे यांविषयीच्या प्रसिद्ध म्हणीतून घेतलेले आहे आणि त्याचा विषय गडकऱ्यांच्या ठकीपासून चालत आलेला आहे; दुसऱ्याच्या नावात संस्थानी मेहमानदारीचा, सरबराईचा आणि खासगी खात्यावर पडणाऱ्या खर्चाचा जो वास आहे, तो बडोद्याच्या राजदप्तरदारास अंगवळणी पडलेला होता.

आता या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे साम्य कोठे संपते ते कळते. एक जाड आणि एक बारीक, एक पुढाकार घेणारा आणि एक गोंधळ घालणारा, एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही, येथवर ते भाऊच आहेत. परंतु लॉरेल-हार्डींचा शत्रू म्हणजे वस्तू. पियानो, शिडी, रंगाचा डबा, मोटारीचे दार, हे सर्व त्यांच्याविरुद्ध कट करून बसलेले असतात आणि चित्रपटाच्या अखेरीपर्यंत त्यांतले निम्मे मोडतात. ज्या देशात वस्तू मुबलक झाल्या होत्या आणि हप्त्याने घेता येत होत्या, त्या देशाचा हा विनोद आहे. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ या १९२७ च्या मूकपटात शेकडो माणसे एकमेकांच्या तोंडावर हजारो पाय, म्हणजे साईचे गोड पदार्थ, फेकून मारतात. आपल्याकडे अन्न असे फेकलेले पाहून सहाव्या पायरीवरचा प्रेक्षकही क्षणभर हसू आवरतो. चिमणरावाच्या घरी मोडण्यासारख्या वस्तूच थोड्या. तेथे मोडते ती अब्रू. वरपक्षासमोर तोंडून भलता शब्द निघणे, साहेबाच्या देखत धोतराचा सोगा अडकणे, ज्याच्याकडे उसने मागावयाचे त्याच्याशीच गुंड्याभाऊने भांडण काढणे, या त्या घरच्या दुर्घटना; आणि त्या एकदा घडल्या की सुतारास बोलावून दुरुस्त करता येत नाहीत, कारण त्या चार माणसांदेखत घडलेल्या असतात. हार्डीलाही प्रतिष्ठेची हौस आहे, त्याचा गळपट्टा आणि हॅट त्याची साक्ष देतात. पण त्याच्या प्रतिष्ठेला गाव नाही, गोत्र नाही, सोयरे नाहीत. चिमणरावाची प्रतिष्ठा सोयऱ्यांच्या ताब्यात आहे. म्हणून गुंड्याभाऊने त्याच्यासाठी सोटा उगारला की संकट टळण्याऐवजी वाढते: सोट्याने पाहुण्याचे डोके फोडता येईल, पण पाहुण्याचे मत बदलता येणार नाही.

नागपूरचा कारकून या चित्रपटांस का हसला, त्याचे उत्तर यातच आहे. प्रांताची राजधानी म्हणून हे शहर कचेऱ्यांवर जगत होते. येथील पांढरपेशा वर्गाची सगळी मालमत्ता म्हणजे नोकरीचा हुद्दा, नावाचा लौकिक आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम. व्हरायटी टॉकीजने ज्या चौकास आपले नाव दिले, तेथून किंवा महालातील एखाद्या टॉकीजमधून तो घरी परतला की दुसऱ्या दिवशी त्याला चिमणरावाच्याच खुर्चीवर बसावयाचे होते.

या प्रकारच्या चित्रपटाचा बहर अल्पकाळच टिकला. अमेरिकेत एका तिकिटात दोन मोठे चित्रपट दाखविण्याची चाल पडताच लघुपटांची जागा गेली आणि लॉरेल-हार्डींनी १९३५ नंतर लघुपट काढले नाहीत. इकडे युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झाली. १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाच्या लांबीस अकरा हजार फुटांची मर्यादा घातली, आणि १९४३ मध्ये प्रत्येक खेळात दोन हजार फूट मंजूर प्रचारपट दाखविण्याचा हुकूम निघाला. ज्या वीस मिनिटांत पूर्वी जाड्या पायऱ्यांवरून घसरत असे, तेथे आता युद्धप्रयत्नांची आणि १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या धरणांची दृश्ये आली. विनायक १९४७ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, सचिवालयाच्या दप्तरांबरोबर कित्येक कारकून भोपाळास आणि मुंबईस रवाना झाले, आणि जे राहिले त्यांच्या मुलांनी काही वर्षांनी प्रतापनगराकडचे भूखंड घेतले.

चिमणराव मात्र पुन्हा आला. मुंबई दूरदर्शनवर सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या घरोघरी पाहिला गेला. नागपुरात त्या वेळी दूरदर्शन पोहोचलेलेच नव्हते, त्यामुळे येथील लोकांनी त्याची ख्याती पाहुण्यांच्या तोंडून ऐकली. त्यानंतर १९८५ च्या ‘धूमधडाका’पासून अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी आली, आणि १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याच्या खोलीसाठी स्त्रीवेष घेण्याची पाळी तिच्या मंडळींवर आली. वेष बदलला तरी कुळी बदललेली नाही. तेथेही धोक्यात आहे ती घरमालकिणीच्या नजरेतील इज्जतच.

जुन्या चित्रपटांचे काय झाले, हा प्रश्न राहतो. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ रिळे गेलेली होती. अमेरिकेतही ‘हॅट्स ऑफ’ हा लॉरेल-हार्डींचा १९२७ चा मूकपट आज उपलब्ध नाही. पण तेथे शोध घेणारे लोक आहेत. ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चे हरवलेले दुसरे रीळ अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, २०१५ साली, एका संग्राहकाच्या साठ्यात सापडले. असा शोध आपल्याकडे घ्यावयाचा झाल्यास तो मुंबई-कोल्हापुराबरोबर अमरावती आणि भुसावळच्या जुन्या पेढ्यांतही घ्यावा लागेल. हस्तपत्रके, करारनामे, रेल्वेच्या पावत्या आणि गंजलेल्या पेट्या यांवरून कोणता चित्रपट कोणत्या गावी किती आठवडे चालला हे कळेल, आणि मराठी विनोदाचा इतिहास पुस्तकांच्या प्रकाशनवर्षांपुरता मर्यादित राहणार नाही.

तूर्त जे हाती आहे त्यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की परकीय जोडीने आपल्याला पडणे, धडपडणे आणि थांबून पाहणे शिकविले, परंतु कशासाठी धडपडावयाचे ते आपल्याच लेखकांनी सांगितले. त्यामुळे दोन्हींचे शेवटही निराळे होतात. लॉरेल-हार्डी सर्व विध्वंस आटोपला की रस्त्याने धूम ठोकतात आणि पुढच्या चित्रपटात नव्या गावी, नव्या धंद्यात, पूर्वीचे काहीएक न आठवता उगवतात. चिमणरावाला ती मुभा नाही. त्याला घरीच यावे लागते, काऊच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, आणि सकाळी साडेदहाला कचेरीत हजर व्हावे लागते, जेथे झाल्या प्रकाराची बातमी त्याच्या आधीच येऊन पोहोचलेली असते.